चित्र माझे, आवाज तिचा

मी, भावकू परशराम घाडी, वय वर्षे एकाहत्तर, मूळ गाव येळ्ळूर, सध्या राहणार खासबाग, बेळगाव, उद्यमबागेतील फोर्जिंगच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे कान गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. भरीस घालण्यासाठी समोर बसून बोलावे लागते, आणि तसे बसणारे आता घरात कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि हेच शेवटचे.

व्यवस्था पाहण्यासाठी मी माझे शाळेपासूनचे मित्र अॅडव्होकेट गोपाळ यांना नेमतो. त्यांनी मसुदा वाचून काही मजकुरावर काट मारली होती आणि 'हे मृत्युपत्रात बसत नाही' असे समासात लिहिले होते. तो मजकूर मी तसाच ठेवला आहे.

कलम १. खासबागेतील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझा मुलगा रविराज आणि सून सौम्या या दोघांना मिळून समान हक्काने द्यावे. सौम्याचे नाव नुसते मागे जोडायचे म्हणून घातलेले नाही, समजून घातले आहे. घर विकायचे असल्यास विकावे. बेंगळुरूत नोकरी असलेल्या माणसांनी इथल्या भिंती सांभाळत बसावे असे मला वाटत नाही.

पुढच्या खोलीला पूर्वेला दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि छतात काच बसवलेली आहे. तिथे दिवसभर लख्ख उजेड असतो. शिवाय दोन ट्यूबलाइट. येणारे जाणारे विचारत, "एवढा उजेड कशाला रं भावकू, लगीनघर हाय काय?" त्याचे कारण असे. हातोड्याच्या यंत्रावर उभे राहून माझे कान हळूहळू गेले. आधी पाखरे गेली, मग दारावरची कडी, मग माणसे. श्रवणयंत्र घेऊन पाहिले, त्यात नुसती शिट्टी वाजे. शेवटी माझी पत्नी जयाबाई हिच्या ओठांवरून बोलणे ओळखायला मी शिकलो. ओठ दिसायला उजेड लागतो. अंधार पडला की आमचे बोलणे बंद.

कलम २. आता टीव्ही. गोपाळने यावरच सगळ्यात मोठी काट मारली होती.

टीव्ही बघताना जयाबाई माझ्या शेजारी बसत नसे. टीव्हीच्या डाव्या अंगाला स्टूल घेऊन, तोंड माझ्याकडे करून ती बसायची. मालिकेतले बोलणे ऐकायची आणि ओठांनी मला सांगायची. सासू बोलली की सासूसारखे तोंड, पोर बोलले की पोरासारखे. एखादे पात्र तिला आवडत नसले तर त्याचे बोलणे ती गाळून टाकायची. "ह्यो लबाड बोलालाय, सोडा," म्हणायची. क्रिकेटच्या वेळी विचारले तर, "कायतरी इंग्लिशात वरडालेत. तुमी बघा की गुमान."

एका दिवाळीला रविराजने नवा टीव्ही पाठवला. ओएलईडी. फार उंची वस्तू होती. काळा रंग इतका काळा, की पडद्याला भोक पडल्यासारखे वाटे. पण आमच्या खोलीत तो लावला आणि त्यात आमच्याच खिडक्या दिसू लागल्या. संध्याकाळी दोन्ही ट्यूबलाइट नायिकेच्या कपाळावर आडव्या. अंधाराचा प्रसंग आला की पडद्यावर मीच, बनियनवर बसलेला.

रविराजने व्हिडिओ कॉलवर सांगितले, "आप्पा, पडदे लावा आणि लाइट बंद करा. हा टीव्ही अंधारातच बघायचा असतो." आम्ही तसे करून पाहिले. चित्र सुरेख दिसले. जयाबाई दिसेनाशी झाली. ती अंधारात काहीतरी सांगत होती आणि मी पडद्यावर हलणाऱ्या मुक्या माणसांकडे बघत होतो. थोड्या वेळाने ती उठली आणि तिने दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो टीव्ही खोक्यात घालून श्रीनाथच्या दुकानात नेला. श्रीनाथ भला माणूस. त्याने दोन टीव्ही उचलून दुकानाच्या दाराशी, उन्हात आणून लावले. एक तोच ओएलईडी. दुसरा क्यूएलईडी, मागचा दिवा जोरकस आणि पडद्याला चकाकी कमी. उन्हात दुसऱ्यावर चित्र स्वच्छ दिसत होते. श्रीनाथने कागदावर लिहून दिले: 'तुमच्या खोलीला हाच बरा. पण याला एक खोड आहे. समोरून छान, बाजूने बघितलं की रंग उडतो. बाजूला कोणी बसतं का?'

मी कागद जयाबाईला दिला. तिने तो वाचला, टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, वाकून बघितले आणि परत माझ्यासमोर आली.

"ह्योच घ्या," म्हणाली.

"अगं, तुला दिसायचं न्हाय नीट."

"तुमास्नी दिसूं दे. मला आवाज हाय की."

मी तोच घेतला.

रविराजला त्याची भेट परत केल्याचा राग आला. तो रास्त होता. जयाबाईने फोनवर समजावले असेल, पण ती त्याला काय म्हणाली ते मला कळलेले नाही, कारण फोनवर बोलताना ती खिडकीकडे तोंड करायची. त्यानंतर बरेच दिवस व्हिडिओ कॉलमध्ये तो तिच्याशीच बोले आणि मला नुसता हात करी.

सदर टीव्ही शेजारीण मंगल हिला द्यावा. तिच्या घरात माग आहे. मागाला उजेड लागतो, आणि मागाच्या खडखडाटात तिलाही काही ऐकू येत नाही. जयाबाई गेल्यापासून माझी भाकरी तिच्याकडून येते. पैसे काढले की ती पाठ फिरवते आणि माझे बोलणे तिथेच संपते.

कलम ३. येळ्ळूरच्या शिवारातील माझ्या वाटणीची जमीन धाकटा भाऊ मष्णू याला द्यावी. तोच ती कसतो. पण दोन गोष्टी त्याला वाचून दाखवाव्यात.

पहिली. रविराजने धारवाडकडची कन्नड मुलगी केली म्हणून मष्णू लग्नाला आला नाही. "अण्णा, घरात कानडी आणलास," एवढेच बोलून गेला. बेळगाव महाराष्ट्रात जावे म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत मी दरवर्षी चाललो आहे, एकदा पाठीवर लाठीही घेतली आहे. ते सरकारशी भांडण आहे. सुनेशी नाही. मष्णूने सौम्याला येळ्ळूरला बोलवावे, तिच्यासमोर पाटावर बसावे आणि जेवावे. गोपाळ म्हणतो ही अट कायद्याने टिकत नाही. नसेना का. मष्णूला लाज आहे, ती टिकेल.

दुसरी. जयाबाईच्या तेराव्याला मष्णू सगळ्यांदेखत माझ्या कानाला तोंड लावून ओरडत होता. मला फक्त त्याचा गरम श्वास लागला. त्या दिवशी घर माणसांनी भरले होते, सगळे आपसात बोलत होते, आणि माझ्या बायकोबद्दल कोण काय बोलले ते मला अजून ठाऊक नाही.

कलम ४. कारखान्यातील माझी हत्यारे, सांडश्या आणि मापे यल्लाप्पाला द्यावीत. तो पलीकडच्या हातोड्यावर होता. आवाजात आम्ही हातांच्या खुणांनी बोलायचो. तोही आता निम्मा बहिरा आहे. बँकेतील ठेव क्रियाकर्म भागवून उरेल ती रविराजला द्यावी.

कलम ५. हे कलम सौम्यासाठी आहे. ते तिने स्वतः वाचावे. तिला मराठी वाचता येते.

गेल्या श्रावणात जयाबाईला दवाखान्यात ठेवले होते. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होती. मास्कवर वाफ धरायची आणि जायची, मला एक अक्षर कळेना. इतकी वर्षे तिच्या ओठांवर जगलो आणि शेवटी तेच झाकलेले. सौम्या तिच्या उशाशी होती. तिने वाकून ऐकले, मग उठून माझ्यासमोर खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मामा, आई विचारतात, जेवलासा काय."

मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून सांगितले. जयाबाईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर सगळे पांगले. एका दुपारी मी टीव्ही लावला आणि काय मनात आले म्हणून तिच्या स्टुलावर जाऊन बसलो. मान वळवून पडद्याकडे बघितले. माणसांचे चेहरे ताकात पाणी घातल्यासारखे. साड्यांचे रंग उडालेले, लाल कुठला आणि केशरी कुठला कळेना. ती असे बघत होती, आणि मला सांगताना म्हणायची, "काय झ्याक रंग हाय बघा लुगड्याचा." श्रीनाथने लिहून दिले होते, मला माहीत होते. पण त्या स्टुलावर मी तोवर कधी बसलो नव्हतो.

नंतर रविराज मला बेंगळुरूला घेऊन गेला. त्यांचा फ्लॅट चांगला आहे. जाड पडदे आहेत आणि भिंतीवर तसाच ओएलईडी. संध्याकाळी दिवे मालवून ते सिनेमा बघत. सगळे एकदम हसले की खांदे हलत, त्यावरून मला कळे की काहीतरी गमतीचे झाले. मीही हसे. ते सौम्याच्या लक्षात आले.

एका रविवारी दुपारी तिने खिडकीचे पडदे बाजूला सरकवले. खुर्ची उचलून टीव्हीच्या बाजूला नेली, माझ्याकडे तोंड करून बसली आणि सांगू लागली. तिचे मराठी शिकलेले आहे. शब्दाला अडते, मग डोळे मिटून आठवते आणि पुरा उच्चारते. त्यामुळे तिचे ओठ पुस्तकासारखे वाचता येतात. टीव्हीवर ऊन पडले होते, रविराजला काही दिसत नव्हते. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. तो म्हणाला, "आप्पा, आई अशी बसायची? त्यासाठी तुम्ही तो टीव्ही बदललात?" मी हो म्हणालो. त्याने उठून उरलेला पडदाही पूर्ण उघडला. आमच्यातले भांडण तिथे मिटले, हे इथे नोंदवतो.

त्यानंतर सौम्या रोज तशी बसू लागली. दिवसभर ऑफिसचे काम, मग स्वयंपाक, आणि विसाव्याची जी घडी उरायची ती पडद्याकडे पाठ करून माझ्यासाठी. त्यांचा टीव्ही बाजूने फिका दिसत नाही, पण माझ्याकडे तोंड केलेल्याला तो दिसणार कुठे? ती मान चोळायची. मी स्टुलावर बसून आलेलो होतो. एका बाईने ते केले, तेवढे पुरे. महिना संपला तसा मी म्हणालो, मला गावाकडे करमते, मला पोचवा.

बस निघताना सौम्या खिडकीखाली उभी होती. ती म्हणाली, "मामा, माझं मराठी तुम्हाला कळत नाही. म्हणून जाता ना?" मी नाही म्हणालो, पण तिने ते खरे धरले नाही. तिचे डोळे भरले होते. बस हलली.

सौम्या, तुझा शब्द न् शब्द मला कळत होता. तू 'फार'ला ओठ मिटून 'पार' म्हणतेस तेही. मी गेलो ते तुला समोर बसून सिनेमा बघता यावा म्हणून.

हे कलम वाचल्यावर गोपाळ माझ्यासमोर येऊन बसला. "भावकू, हे मेल्यावर कशाला? आत्ताच कळव की तिला."

"आत्ता कळवलं तर न्यायला येईल ती."

"मग येऊं दे की."

मी नजर कागदावर घातली. वाद थांबवायला बहिऱ्याला तेवढी एक सोय आहे. माझा दिवस आता असा जातो: सकाळी खिडक्या उघडतो, टीव्ही लावतो, माणसे तोंडे हलवतात, मंगल भाकरी ठेवून जाते, दिवे लावतो.

कलम ६. माझा शेवट जवळ आला असे दिसल्यास गोपाळने हे कलम आधीच घरच्यांना वाचून दाखवावे. आपल्यात माणूस जाताना कानात देवाचे नाव सांगतात. माझ्या कानात कोणी सांगू नये, वाया जाईल. मला खिडकीकडे पाय करून निजवू नये, डोके करून निजवावे, म्हणजे समोर येणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल. मग ज्याला सांगायचे असेल त्याने समोर उभे राहून सांगावे. सौम्या पोचली असेल तर तिने सांगावे. ऐनवेळी तिला मराठी सुचले नाही तर कन्नडमध्ये सांगितले तरी चालेल. मला कळेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवलेला नाही, कारण त्याचा उपयोग नव्हता. तो मी स्वतः वाचला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर, त्यांची तोंडे दिसत असताना, सही केली.

(सही) भावकू परशराम घाडी

साक्षीदार:
१. (सही) श्रीनाथ, टीव्ही विक्रेता, बेळगाव
२. (सही) डॉ. पूर्णिमा, खासबाग. लिहून देणाऱ्यांची प्रकृती व मन तपासले, दोन्ही ठीक आहेत.

ठिकाण: खासबाग, बेळगाव, पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५