कापून टाकलेले बावन्न सेकंद

शॉमबर्ग,
शनिवार, ६ फेब्रुवारी २०२१

प्रिय उत्तरा,

हे पत्र परीक्षित प्रिंट काढून तुझ्या हातात देईल. तुला मेल केला असता तर तू अर्धाच वाचून फोन लावला असतास, आणि तुझा आवाज ऐकल्यावर माझ्या तोंडून एक शब्द फुटला नसता. म्हणून आज माझं एवढं ऐक. बसून वाच, शेवटपर्यंत वाच.

इथे अंगणात गुडघाभर बर्फ आहे. चारुदत्तला लशीचा पहिला डोस मिळाला, दंड दुखतोय म्हणून माझ्या या नवऱ्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. माझं बरं चाललंय असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे दुपारपासून मी घरभर नुसत्या येरझारा घालतेय.

मागच्या वसंतात आपली कॉन्फरन्स कॅन्सल झाली तेव्हा तूच म्हणालीस, यार वसुधा, लोकांच्या फिट्स काही लॉकडाऊन पाळणार नाहीत, आपण शनिवारी ऑनलाइन शिकवू. मला वाटलं होतं चार लोक येतील. आज त्रेचाळीस येतात. लहानसहान गावांतले फॅमिली डॉक्टर, नर्सेस, ज्यांच्या आसपास दोनशे मैलांत फिट्सचा स्पेशालिस्ट नाही. पेशंट हॉस्पिटलमध्ये यायला घाबरतात, घरचे फोनवर व्हिडिओ काढून पाठवतात आणि तू ते व्हिडिओ लावून शिकवतेस. चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी हात बघा, हात खोटं बोलत नाहीत, असं तुझं एक वाक्य मोंटानातल्या त्या नर्सने कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलंय म्हणे.

मला आपल्या नागपूरच्या होस्टेलची मेस आठवते. फर्स्ट इयरची एक मुलगी जेवता जेवता बाकावरून खाली पडली, आकडी आली. कोणी कांदा आणायला धावलं, कोणी चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मी भिंतीला चिकटून उभी होते. तू सगळ्यांना ढकललंस, तिला कुशीवर वळवलंस आणि घड्याळाकडे बघत सेकंद मोजत बसलीस. आपण तेव्हा धड डॉक्टरही नव्हतो. तिला जाग आल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस, तर तिची ओढणी सारखी केलीस. कुणासमोर तिला लाज वाटू नये म्हणून. मी या विषयाकडे वळले ती तुझ्यामुळे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता आजचं. तिसऱ्या स्लाइडवर तू बोलता बोलता थांबलीस. स्क्रीनवर सगळेच अधूनमधून थांबतात. चॅटमध्ये कोणीतरी विचारलं, डॉक्टर फ्रीझ झाल्या का? मी लगेच लिहिलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, जरा थांबा. मग तू पुन्हा सुरू झालीस आणि आधी सांगून झालेली तीच स्लाइड पहिल्यापासून समजावलीस. कोणाला काही वाटलं नाही. सेशन संपल्यावर मी तुला फोन केला, तर तू हसून म्हणालीस, अगं आमचं नेट फार वाईट झालंय, आणि राधिकाला भरवायचंय, नात खोळंबलीय म्हणून ठेवून दिलास.

रेकॉर्डिंग अपलोड करायच्या आधी त्यातले असे अडकलेले भाग मी कापते. आजचा कापायला घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. उत्तरा, नेट अडकलं नव्हतं. तुझ्या मागचा खिडकीचा पडदा हलत होता. कपातून वाफ वर जात होती. तू समोर बघत होतीस, पण बघत नव्हतीस. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते, आणि डावा हात स्वेटरचं बटण चाचपत होता. पुन्हा पुन्हा, तेच बटण. न पडता, डोळे उघडे असताना येणारी फिट अशीच ओळखायला तू शिकवतेस. बावन्न सेकंद. मी पाच वेळा बघितलं. प्रत्येक वेळी वाटलं की या वेळी तरी पडदा हलणार नाही.

आणि आता जे लिहितेय त्याबद्दल मला माफ करू नकोस. हे पहिल्यांदा झालेलं नाही. एकवीस नोव्हेंबरच्या रेकॉर्डिंगमध्येही होतं, कमी वेळ, पण होतं. तेव्हा मला शंका आली होती. मी स्वतःला सांगितलं, दमली असेल, नेट असेल, आणि तो भाग कापून टाकला. पेशंटच्या नातेवाइकांनी असं केलं की आपण त्यांना रागावतो. अकरा आठवडे मी गप्प बसले. त्या अकरा आठवड्यांत तू रोज फ्रीवेवरून क्लिनिकला गेलीस, आणि दर सोमवारी, बुधवारी मागच्या सीटवर राधिकाला घेऊन.

तासाभरापूर्वी मी परीक्षितला फोन केला. तुला न विचारता, तुझ्या पाठीमागे, तुझ्याच नवऱ्याला. तो म्हणाला, जानेवारीत ती गॅरेजच्या खांबाला गाडी घासून आली, मी विचारलं तर तिला काही आठवतच नव्हतं. मी त्याला म्हटलं, आधी तिच्या गाडीच्या किल्ल्या काढून घे. तुझ्या पर्समधली आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधलीही. त्या सापडणार नाहीत, शोधू नकोस. सोमवारी नातीला पाळणाघरात तो सोडेल. तुमच्या सिएटलच्या एका डॉक्टरांशी मी बोलले आहे, नाव सांगितलेलं नाही, ते मंगळवारी मेंदूचा ईईजी आणि एमआरआय करून देतील. या वयात फिट पहिल्यांदा का येते याची यादी आपण दोघींनी मिळून इतरांना शिकवली आहे, ती इथे लिहायचं धाडस मला होत नाही. लायसन्सचं, प्रॅक्टिसचं, सगळं नंतर बघू. तू माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीस याची मला भीती वाटते. पण सोमवार सकाळची त्याहून जास्त वाटते, म्हणून हे पत्र. हवं तेवढं भांड, फक्त गाडीत बसू नकोस.

तुझीच, आणि तुझ्या रागाला पात्र असलेली,
वसुधा