पांढरे ठिपके गेल्यावर

आई, तुझं माशांचं दुकान अजून चालू आहे हे आधी सांगून टाकते, नाहीतर बाकीचं तू नीट ऐकायची नाहीस. राजापेठेतला तोच गाळा, त्याच काचेच्या टाक्या, फक्त वरच्या मजल्यावर आता ट्यूशन क्लास आहे आणि त्या पोरांच्या गाड्या आपल्या दारात लागतात. ह्या गाळ्यात मी अडकून पडले आहे. शेजारचा कापडवाला लग्नाला जायचं म्हणून खुशाल शटर ओढतो. मला ओढता येत नाही, आत जीव आहेत. यांची अकोल्याला बदली झाली, तिथे खोली घेतली, आणि शनिवारी बडनेऱ्याला उतरून घरी आले की चप्पल काढायच्या आधी विचारतात, "तू येऊन राहिली का नाई, तेवढं सांग." मी म्हणते, टाक्यांचं काहीतरी होऊ दे. किती वर्षं हेच म्हणते आहे. एकदा ते चिडून म्हणाले, "मंग त्या मासोळ्यायसंगच संसार कर." मला आधी हसू आलं, मग मोरीत जाऊन रडले.

या हिवाळ्यात एक गिऱ्हाईक मिळालं. पातूरचा माणूस, घरचा भाजीचा धंदा, बायकोला दुकान टाकून द्यायचं होतं. टाक्या, पंप, मासे, सगळं एकदम उचलणार होता. मी इतकी हुरळले की दुकान भरलेलं दिसावं म्हणून नवे मासे मागवले आणि थर्माकोलच्या खोक्यातून आले तसे जुन्यांत सोडून दिले.

हो, तेच केलं. तुझ्यासमोर कोणी केलं असतं तर! मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. ओट्याशेजारी नव्या माशांची वेगळी टाकी आहे, तिचं जाळं वेगळं, बादली वेगळी. मी शाळेतून आलेली, ते जाळं उचलून बाहेरच्या गोल्डफिशमध्ये बुडवते, आणि तू ज्वारीच्या पिठाने भरलेला हात तसाच माझ्या पाठीत घालतेस. "ते जाळं तिकडं काहून नेलं व? मारशीन काय साऱ्यायले?" युनिफॉर्मवर पिठाचा पंजा उमटला होता. तो घेऊनच मी खेळायला गेले.

थोड्याच दिवसांत मासे दगडांना अंग घासू लागले, आणि मग कल्ल्यांवर, परांवर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. तू शिकवलेलं सगळं केलं. हीटर लावून पाणी हळूहळू गरम केलं, खडे मीठ विरघळवून घातलं, निळं औषध टाकलं, तळाची घाण रोज नळीने ओढून काढली. लाइट गेली की टाक्यांना गोधड्या गुंडाळायच्या आणि पाणी हाताने ढवळत बसायचं. त्या शनिवारी यांच्यासाठी साधी भाजीसुद्धा टाकली नाही. काही मासे गेले, मग ठिपके गेले. पण तू सांगायचीस ना, "ठिपके दिसून राहिले तवर घाबरू नको. दिसनं बंद झालं का घाबर." ठिपका माशाला सोडून तळाशी पडतो, फुटतो, आणि त्यातून शेकडो जंतू नवा मासा शोधत निघतात. औषध लागू पडतं ते त्याच वेळी. म्हणजे मासे स्वच्छ दिसतात तेव्हा उपचार अर्ध्यावरच असतो.

नेमका तेव्हाच तो पातूरवाला आला. सोबत बायको, बाहेर गाडी उभी. मासे चकचकीत, तिने काचेला बोट लावलं की सगळे तिकडे धावत होते. ती म्हणाली, "पाहा, कसे खेळून राहिले." मी पिशव्या काढल्या, पाणी भरलं, जाळं हातात घेतलं. तेवढ्यात तो सहज म्हणाला, "ताई, याईले काई रोगराई त नाई ना? आमाले यातलं काई समजत नाई. तुमी सांगसान तेच खरं."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, अजून काही आठवडे थांबा म्हटलं. त्याने बायकोकडे पाहिलं. त्यांच्या गाळ्याचं उद्घाटन ठरलेलं, पाव्हणे सांगून झालेले. "मंग आमी नागपूरहून पाहतो, ताई," म्हणाला, वर माझे आभार मानले, आणि रिकामी गाडी वळवून गेला. मी फोन करून यांना सांगितलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवली का?" त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता मासे खरोखर बरे आहेत आणि घ्यायला कोणी नाही. यांनी अकोल्याच्या खोलीत गॅस घेतला आहे. दर शनिवारी येणंही आता होत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, पण पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तू वाचून शाबास म्हणाली असतीस, गल्लीभर सांगत सुटली असतीस, आणि ती शाबासकी माझी नाही. त्याने विचारलं नसतं तर मी पिशव्यांची तोंडं बांधून त्याच्या गाडीत ठेवल्या असत्या आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला गेले असते. भला माणूस होता गं. तरी त्याने विचारलं याचा मला अजून राग येतो.