परीक्षकासाठी वेगळा खोका

४ जून
शी! आज आमच्याच कंपनीचं, घरी माइक जोडायचं किट स्वतः जुळवून बघितलं. माइकची जाळी मुठीएवढी, आणि तिच्यामागे आवाज पकडणारी चकती वाटाण्याएवढी! खोक्यावरच्या चित्रात मात्र नाण्याएवढी, सोनेरी. पैसे सोनेरीचेच घेतो. बोलून बघितलं तर मागे सतत खरखर, कुणीतरी शेजारी बसून कागद चुरगाळतंय अशी. आणि माहितीपत्रकातलं ‘स्टुडिओच्या तोडीचा आवाज’ मीच लिहिलंय. पदवीचा पहिला उपयोग!

५ जून
मालकांना विचारलं. हसले. “अगं, साडेतीन हजारांत बरोबर गायिका पण देऊ का? लोक स्वतः जोडतात ना, खरखर आली की त्यांना वाटतं आपलाच हात चुकला. तक्रार करतंय कोण?”
वर मायेने चहा पुढे केला. मी प्यायले. माझीच किळस आली.

७ जून
एका निवृत्त शिक्षिकेचा फोन. “बाळ, तीनदा उकलून पुन्हा जोडलं गं. माझंच काहीतरी चुकतंय. नातवासाठी गोष्टी रेकॉर्ड करायच्यात.”
काचेपलीकडून मालक बघत होते. मी म्हणाले, “परत एकदा जोडून बघा.” जीभ कशी झडली नाही माझी!

८ जून
माहितीपत्रकातली माझी ती ओळ पुन्हा वाचली. शी!

९ जून
आईला म्हटलं, नोकरी सोडते. “मी इतकी वर्षं दवाखान्याच्या फरश्या पुसते, मला काय वास येत नाही? आपल्या घरात खुर्चीवरचं काम पहिल्यांदा मिळालंय कुणाला. नाकाला रुमाल लाव नि कर.”

१२ जून
एक नावाजलेला परीक्षक आहे. वस्तू वापरून मत छापतो, ते वाचून लोक विकत घेतात. त्याच्यासाठी म्हणे वेगळं किट! मालकांनी कपाटातून मऊ कापडात गुंडाळलेली खरी सोनेरी चकती काढली. “ही घाल. आणि कुठे बोलायचं नाही.”
खोका मीच भरला. आत वाटाण्याएवढी घातली. सगळ्यांना जी, तीच त्याला! कुरिअरवाल्याने खोका उचलला तेव्हा वाटलं, ओरडून परत मागावा. नाही मागितला. आता तो सगळं छापेल, आणि मालकांना कळेल कुणी भरला ते. नोकरी गेलीच. जाऊ दे!

१३ जून
आईला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.
“त्यांना कधी कळेल?”
“छापून येईल तेव्हा.”
“मग तोवर जेव.”

२१ जून
छापून आलं. पाचपैकी साडेचार तारे. ‘आठवडाभर वापरला. खरखरीचा मागमूसही नाही.’ मालक नाचायचेच बाकी होते. “पोरी, तुझ्या हाताला यश आहे!”
दुपारी कुरिअरवाला तोच खोका परत घेऊन आला. “तीनदा गेलो ताई. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, महिना झाला, साहेब बाहेरगावी आहेत.”