बाकावरचा ठेका

गुरुवार, दिवेलागणीला

टक्-टक्, टक. वरंधच्या शाळेत कविता म्हणण्याआधी माझा वर्गमित्र अनंता बाकावर असा ठेका धरायचा. ठेक्याशिवाय त्याला पहिली ओळही आठवायची नाही. आज टीव्हीवर, लोकसभेत बोलायला उठण्याआधी, त्याची बोटं समोरच्या बाकावर तशीच हलली. आवाज कुठला ऐकू येणार? पण मला आला.

कर्नल म्हणून निवृत्त झाला, खासदार झाला, तरी बर्फात गेलेली पायाची दोन बोटं तो विसरला नाही. मागणी एकच: बर्फातल्या चौकीवर कुठल्याही जवानाला सलग दुसरा हिवाळा काढायला लावायचा नाही. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला त्याने भर सभागृहात धारेवर धरलं आणि मंत्र्याने शेवटी मान्य केलं. मी घरात एकटाच टाळ्या वाजवत बसलो. या वयात काय हे. पण वाजवल्या.

सल एकच, चुलतभाऊ भिकूची. त्याचा नातू त्याच बर्फात, यंदा दुसरा हिवाळा लागणार होता. निवडणुकीत मी अनंतासाठी दारोदार फिरलो, तेव्हा भिकू म्हणाला होता, "खुर्ची मिळाली का तुझा कर्नल बरफ इसरल बघ." त्यावर मीही वाटेल ते बोललो. तेव्हापासून त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही. आज जाऊन सांगू का त्याला? की म्हणेल, मिरवायला आला?

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात भिकू, पायात चपलासुद्धा नाहीत.

"नातवाचा फोन आला. चौकीवर पोरं नाचली म्हनं," तो म्हणाला. "तुझ्या कर्नलला फोन लाव रे. मला बोलायचं हाय."