झोपलेल्या पेट्या

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार
आमच्या संशोधनाच्या पेपरवर माझं नाव नाही! वर रघुपती सर, खाली अजित. बस्स.

दीड वर्ष घासले मी. बंगलोरजवळ येलहंक्याच्या माळावर आमच्या वीस पेट्या पुरल्यात. माणूस चालला की पावलांची थरथर टिपून रेडिओवरून कळवतात. सगळ्या सतत जाग्या ठेवल्या तर बॅटऱ्या दोन दिवसांत बसतात. मग जाग्या कुठल्या ठेवायच्या? सगळे म्हणत, माणसाच्या जवळच्या तीन. मी म्हटलं, नाही — तो पुढे कुठे जाईल हे ज्या नेमकं सांगतील, त्या तीन. ही रीत माझी!

शेजारच्याच टेबलावर अजित. विचारलं तर मान खाली. "सर ठरवतात, प्रणिता."

४ फेब्रुवारी
सरांकडे गेले. "नोडम्मा, हे बघ, उद्या लग्न होऊन जाणार तू. नाव हवंय कशाला?" वर हसले.

९ फेब्रुवारी
रीतीत खोट सापडली. माणूस एकदम माघारी वळला, तर मागच्या पेट्या झोपलेल्याच. पडद्यावर तो आपला पुढेच चाललेला! दुरुस्ती चार ओळींची. शुक्रवारी दिल्लीचे साहेब बघायला येणार.

सांगणार नाही. ज्यांची नावं आहेत त्यांनी शोधावं.

११ फेब्रुवारी
अजितने चित्रान्नाचा डबा पुढे केला. नको म्हटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
चालायला आमचा शिपाई मल्लाप्पा. सरळ तळ्याकडे जा, सांगितलेलं. निम्म्यावर म्हशी आडव्या आल्या, गडी माघारी फिरला. साहेब बसलेले त्या तंबूत येऊन उभा राहिला — आणि पडद्यावर ठिपका तळ्याकडे चाललेलाच! मल्लाप्पाच विचारतो, "अक्का, तिकडं कोण चाललाय?" साहेब लोक हसले.

"हे काम कुणाचं?"

"अजितचं," सर म्हणाले.

अजितने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच बघत राहिले. बरं वाटलं मला. हो, बरं वाटलं!

१६ फेब्रुवारी
अजितला काढलं. पिशवी भरून निघाला. "येतो, प्रणिता. काम सोडू नकोस." मी कागदातून डोकं वर काढलं नाही.

१८ फेब्रुवारी
त्याच्या फायली माझ्याकडे आल्या. पेपरच्या फायलीत त्याचं सरांना पत्र. तारीख ३० जानेवारी. "रीत प्रणिताची आहे. माझं नाव काढून तिचं घाला."

खाली सरांचा शेरा, लाल शाईत — विषय बंद.