फियाटचं जड पेडल

१७ नोव्हेंबर, सोमवार

या घरात एक पक्कड धड नाही! एकीचे दात झिजलेत, दुसरीचा खिळा ढिला, तिसरी मयूरीने गॅसपाशी नेली ती तिथेच गंजली. सून म्हणून बोलत नाही, पण हत्यार म्हणजे काय पळी आहे? आणि असल्या पकडींनी म्हणे क्लचची स्प्रिंग काढायची. दुपारभर झटले. नख काळंनिळं झालं. स्प्रिंग जागची हलली नाही.

कारण लिहून ठेवते, नाहीतर मागाहून म्हणतील म्हातारीला भलती हौस. निधीला, माझ्या पीयूषच्या मुलीला, तलासरीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. एक डिसेंबरला सकाळी आठला हजर. घोलवडहून पहिली एसटी पोचते साडेनऊला. स्कूटरने जाते म्हणाली तर बाप म्हणतो, त्या रस्त्याचे ट्रक बघितलेस? टेम्पो पहाटेच चिकू घेऊन जातो. राहिली म्हाताऱ्याची फियाट, अठ्ठ्याहत्तर सालची. पीयूष म्हणाला, "आजोबांची गाडी चालवून दाखव, मग खुशाल जा. नाहीतर आजच लॅबला नाही म्हणून कळव."

पोरीकडे लायसन आहे. डहाणू रोडच्या क्लासची गाडी भरधाव नेते. पण फियाटचं पेडल अर्ध्यातच अडतं आणि हिचा पाय थरथरायला लागतो. तलासरीचा लडक्या मिस्त्री फोनवर म्हणाला, "आजी, पेडलामागची स्प्रिंग जड झाली असेल. काढा, हलकी मी देतो." स्वतः येणार नाही. हात प्लास्टरमध्ये.

चौदा दिवस.

१८ नोव्हेंबर

डहाणू रोडहून एक मेकॅनिक आला. इस्त्रीचा शर्ट. म्हणे, "आजी, हिला कॉम्प्युटर लावायला जागाच नाही."
म्हटलं, मग डोकं लाव.
चहा पिऊन गेला.

२० नोव्हेंबर

आज गाडीच्या तळाशी आडवी झाले. डोकं पेडलांखाली, पाय दाराबाहेर. चिकू भरायला आलेल्या बायका खोक्यांवर पडून हसत होत्या. तुळशी तर म्हणाली, "आजी, गाडी व्यायलीय का? बाळ काढताय का?" मी आतूनच म्हटलं, बाळच आहे, फक्त बापासारखं हटवादी आहे!

बाप म्हणजे आमचा म्हातारा. ओट्यावर बसून दिवसभर एकच. "हात लावू नका. कंपनीने लावलेली वस्तू काढायची नसते. बायकांच्या पायात तेवढं बळ नसतं, त्याला गाडी काय करणार?" गाडीवर एवढा जीव, पण गेली दोन वर्षं डोळ्यांपायी चालवत नाही, तरी चावी उशाखाली.

स्प्रिंग दिसली बॅटरीच्या उजेडात. करंगळीएवढ्या जाड तारेची. दोन्ही टोकांना आकडे. एक पेडलाला, एक वरच्या पत्र्याला. सगळीकडे चाळीस वर्षांचं ग्रीस, त्यात माती, त्यात मेलेल्या मुंग्या. आकडा पकडीत येतो, ओढला की निसटतो. सतरा वेळा. मोजल्या.

२१ नोव्हेंबर

कमरेत उसण भरलीय. काही केलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आकड्याला दोरी बांधून ओढली. दोरी तुटली, कोपर दारावर, पक्कड तोंडावर. चष्म्याची एक काच गेली. एका डोळ्याने लिहितेय.

पीयूष म्हणतो, "आई, तुझं वय काय आणि तू करतेस काय!" म्हटलं, तू कर. तर त्याचा टेम्पो भरायचा होता. या घरातल्या पुरुषांना नेमकं तेव्हाच काहीतरी भरायचं असतं.

२३ नोव्हेंबर

निधीने विचारलं, "आजी, तू चालवायचीस ना गं ही?"

चालवायची. दोन वर्षं. म्हाताऱ्यानेच शिकवलं, बोर्डीच्या वाळूवर, ओहोटीला. तिथे आपटायला काही नसतं. चांगली हाकायचे. एकदा माहेरी आगरहून निरोप आला की माझ्या आईला ताप आहे. हे बाजारात होते. पीयूषला शेजारी बसवलं आणि गेले, कोणाला न विचारता! दिवे लागायला परत आले. सासूने तोंड फिरवलं. म्हाताऱ्याने नुसती गाडीभोवती एक फेरी मारली.

मग सरिता झाली. चाळीस दिवसांनी गाडीत बसले तर पेडल दाबेना. सगळे म्हणाले बाळंतपणात पायातलं बळ गेलं. मलाही पटलं. वैद्याचं तेल चोळलं. भिंतीला पाय लावून रोज शंभर वेळा दाबायचे, सगळे निजल्यावर. वर्षभर. पेडल काही ऐकेना. सोडून दिलं. पुढे सरिता शिकते म्हणाली तर मीच तिला सांगितलं, तुझे पाय माझ्यावर गेलेत, नाद सोड.

निधीला यातलं अर्धंच सांगितलं.

२५ नोव्हेंबर

पोर मोबाइल घेऊन बसली होती. नोकरी नको असं लॅबवाल्यांना लिहीत होती. मयूरी म्हणे, "जाऊ दे ना आई, जवळपास काहीतरी बघेल." जवळपास काय आहे? चिकूची खोकी! दोन वर्षं शिकली ती खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला?

मोबाइल घेतला आणि तांदळाच्या डब्यात टाकला. गुरुवारपर्यंत थांब म्हटलं.

लडक्याला पुन्हा फोन. तो म्हणाला, "ओढताय कशाला? ती तुमच्यापेक्षा ताकदवान आहे. तिला तिच्याच ताकदीत अडकवा." मग नीट सांगितलं. पेडल पूर्ण दाबून धरायचं, म्हणजे स्प्रिंग ताणते. वेटोळ्यांत फटी पडतात. फटींत वायसरच्या चकत्या सरकवायच्या. पेडल सोडलं की ती आखडू शकत नाही. लांबच राहते. आकडा हाताने निघतो.

हे आधी सांगायला काय झालं होतं? "तुम्ही विचारलं नाहीत, आजी."

मेला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निघाली!!

वायसर जाड पडले. मग डब्यातले जुने चार आणे काढले, आता कोणी घेत नाही ते. निधीने सीटला पाठ लावून दोन्ही पायांनी पेडल दाबलं, मयूरीने बाजूने मुसळ लावून रेटलं. दोघी कण्हत होत्या. मी खाली. एकेका फटीत एकेक चार आणे. एका बाजूनेच भरले तर मेली केळ्यासारखी वाकली. पुन्हा दाबा! "आई, हात गेले हो!" जाऊ देत, दुसऱ्या बाजूने भरते. मग म्हटलं, सोडा. सोडलं. स्प्रिंग ताणलेलीच राहिली, चार आण्यांच्या जिभा काढल्यासारखी. दोन बोटांनी आकडा उचलला. आला.

दहा दिवस! आणि दोन बोटं.

बाहेर येऊन तशीच म्हाताऱ्याला दाखवली. बघितली. "आता गाडी गेली कामातून," म्हणाला आणि आत जाऊन आडवा झाला.

२८ नोव्हेंबर

म्हातारा जेवला नाही. तोंडाला चव नाही म्हणे. माझ्या तोंडाला आहे, मी दोघांचं जेवले.

३० नोव्हेंबर, रविवार

निधीने उशाखालची चावी घेऊन बापाला शेजारी बसवून बोर्डीपर्यंत नेलं, आणलं. पीयूष उतरला आणि म्हणाला, "बरं." त्याच्या तोंडून तेवढंच निघतं. बास झालं.

एक नवल. नवी स्प्रिंग अजून लावलीच नाही, तरी पेडल आपोआप वर येतं. लडक्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, "उद्या गाडी घेऊन या. ती काढलेली पण आणा."

१ डिसेंबर, सोमवार

लडक्याच्या दारात गाडी लावून निधी आठला पाच कमी असताना लॅबमध्ये. मी लडक्याकडे.

त्याने स्प्रिंग डाव्या हातात फिरवली. "आजी, ही फियाटची नाही. ट्रकच्या ब्रेकची आहे." मग बॅटरी घेऊन वाकला. गाडीची स्वतःची स्प्रिंग जागेवरच आहे, बारीक, अजून चांगली. ही जास्तीची. पत्र्याला मुद्दाम भोक पाडून अडकवलेली. "जुनं काम आहे, चाळीसेक वर्षांचं. गाडीला गरज नव्हती हिची."

त्याच्या अंगणात मी पुढच्या सीटवर बसले. डाव्या पायाने पेडल दाबलं. सत्तराव्या वर्षी. तळापर्यंत गेलं.

एसटीने घरी आले. स्प्रिंग म्हाताऱ्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलीय. पीयूषने तोंड उघडलं, "आई, बाबांचं वय..." म्हटलं, गप्प. मयूरीलाही सांगितलं, मध्ये पडायचं नाही. सरिताला फोन लावून तिथेच ठेवलाय, तिलाही ऐकू दे. भोक कोणी पाडलं, ते दुसऱ्या कोणी सांगायचं नाही. उत्तर यांनीच द्यायचं.