सातव्या ओळीतला पोटशूळ

कल्याण, माघ वद्य पंचमी, शके १८०७

तीर्थस्वरूप पंढरीमामांच्या चरणी भाचा गोपीनाथ याचे साष्टांग दंडवत. येथे सर्वांची पचनशक्ती उत्तम. डोंबिवलीस आपली व मामींची कशी आहे ते सविस्तर कळवावे. (सविस्तर म्हणजे वेळेसहित.)

मामा, एक कोडे आपणही पाहिले असेल. भाताचा आणखी एक घास जात नाही म्हणून मनुष्य पानावर आडवा हात धरतो, आणि जिलबीचे ताट येताच तो हात आपोआप बाजूस सरतो. जागा नव्हती, तर जिलबी गेली कोठे? माझ्या ‘अपचनविचार’ या अठ्ठेचाळीस पृष्ठांच्या ग्रंथाचा पाया हेच कोडे होय. जठर हा पितळी घडा नव्हे. ती पखालीसारखी पिशवी आहे, आणि आवडीचा पदार्थ दिसताच ती सैल पडते. भाताला कंटाळते ती जीभ, नाव मात्र पोटाचे होते! (हे वाक्य लिहून मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.)

हे सिद्ध करण्यासाठी मी गतवर्षी ठाण्याच्या मुंजीत समोरच्या रांगेतील आठ गृहस्थांचे निरीक्षण केले. प्रत्येकाच्या नावे माझ्या पाटापाशी चिंचोक्यांची एक ढिगली. जिलबी पोटात गेली की एक चिंचोका पलीकडे. (वाढप्यांना वाटले, डॉक्टर जप करीत आहेत.) या मोजणीत चूक संभवतच नाही. पुस्तकात नाव कोणाचेही दिले नाही. केवळ ओळीचा क्रमांक, वय व गाव. सातवी ओळ अशी: ‘वय बावन्न, डोंबिवली, जिलब्या बावीस, नंतर तीन दिवस पोटशूळ.’ डोंबिवलीत बावन्न वर्षांचे पुष्कळ असतील. परंतु एका बैठकीस बावीस जिलब्या खाणारे एकच, हे शास्त्राच्या ध्यानी आले नाही.

ते एक म्हणजे राघोपंत, आपल्या शालूचे होणारे सासरे. गेल्या मंगळवारी ते पुस्तक घेऊन आले. गुपित फोडल्याबद्दल क्षमा मागावी म्हणून मी वाकलो, तो ते गरजले, “बावीस? अहो डॉक्टर, एकतीस खाल्ल्या मी! नऊ कोणाच्या घशात घातल्या?” मी चिंचोक्यांची पद्धत समजावू लागलो, तेव्हा अधिकच तापले. “आकडा एकवेळ गिळीन, पण पोटशूळ माझा नव्हे! दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन आलो मी. मुलाकडची मंडळी नाजूक, असं छापता?” निर्णय असा की, पुस्तक दुरुस्त होईपर्यंत शालूच्या लग्नाचा मुहूर्त नाही, आणि न झाल्यास साखरपुड्याच्या पंगतीत ते चारचौघांसमक्ष एकतीस खाऊन दाखवणार. सोबत आलेल्या त्यांच्या कुटुंबाने, आवडाबाईंनी, परतताना मला दारातच गाठले. “डॉक्टर, मुलाचं लग्न करायचं की यांचं तेरावं, ते तुम्हीच ठरवा.”

शालू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. परंतु मामा, ज्याने सत्याचे व्रत घेतले त्याने बहिणीच्या रुसव्यापुढेही छापील अक्षर बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपला आज्ञाधारक,
गोपीनाथ

ता. क. मोजणीत चूक संभवत नाही असे वर लिहिले. मात्र बासुंदी दोनदा फिरली, तेवढा वेळ माझे दोन्ही हात व चित्त अन्यत्र होते, आणि चिंचोके जागचे हलले नाहीत. यास्तव ‘बावीस किंवा अधिक’ असे छापावे म्हणतो.

दुसरा ता. क. मूळ टिपणवही काढून पाहिली. पोटशूळ आठव्या ओळीतला. छापताना तो एक ओळ वर चढला. राघोपंतांच्या शेजारी, आठवे, आपण बसला होता. त्या तीन दिवसांचे औषध मीच दिले होते. आपण मामींना ‘ऊन लागले’ असे सांगितले आहे, हे मी जाणतो. तथापि शालूचे लग्न आता आपल्या पोटावर अवलंबून आहे. कृपा करून तो पोटशूळ आपला, असे दोन ओळींत राघोपंतांना लिहून द्यावे. (मामींना मी समजावतो. बहुधा पत्राने.)

तिसरा ता. क. साखरपुड्यास आपण व राघोपंत पुन्हा शेजारीच बसणार, म्हणून ही परीक्षा आधी घरी करून पाहावी व त्यांनाही शिकवावी. डाव्या बरगड्यांच्या खालच्या भागावर एक बोट सपाट ठेवावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारावी. एकदा जेवणापूर्वी, एकदा जेवताना. ढोलकीसारखा पोकळ नाद आला तर खुशाल आणखी जिलबी घ्यावी. भरल्या पोत्यासारखे ‘ढप्प’ झाले, की आग्रह करणारा प्रत्यक्ष व्याही असला तरी पानावरून उठावे.